परसात कायमची शेकोटी बांधायची आहे? मीरा-भाईंदरमध्ये आधी पाणी आणि धूर समजून घ्या

डिसेंबर लागला की सोशल मीडियावर एक प्रकारचे व्हिडिओ हमखास फिरायला लागतात. मोठं हिरवंगार अंगण, मधोमध गोलाकार रचलेले दगड, त्यात पेटलेली लाकडं आणि भोवती खुर्च्या टाकून बसलेली मंडळी. खाली लिहिलेलं असतं, 'एका दिवसात, स्वतःच्या हाताने'. बघणाऱ्यालाही वाटतं, एवढंच तर आहे. चार दगड आणायचे, गोल करायचा आणि पेटवायचं.

मीरा-भाईंदर म्हटलं की डोळ्यांसमोर टॉवर येतात. पण या शहराच्या पश्चिमेला राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, पाली, चौक, उत्तन अशी जुनी गावं आजही आहेत. तिथे कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची बैठी घरं आहेत, मागे परस आहे, काहींच्या वाड्या आहेत. चूल, होळी, थंडीतली शेकोटी यांतलं काहीच इथल्या माणसाला नवीन नाही. त्यामुळे 'मागच्या दारी एक पक्की शेकोटी बांधूया' ही कल्पना इथे अजिबात परकी वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. त्या व्हिडिओंमधल्या अंगणात चार महिने मुसळधार पाऊस पडत नाही आणि दहा फुटांवर शेजाऱ्याची खिडकी नसते. मीरा-भाईंदरमध्ये या दोन्ही गोष्टी असतात. म्हणून इथे शेकोटी बांधताना खरा प्रश्न दगड कसे रचायचे हा नाही. पाणी कुठून जाणार आणि धूर कुठे जाणार, हा आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली तरच पुढचं काम करण्यात अर्थ आहे.

कायमची शेकोटी म्हणजे नेमकं काय?

जमिनीवर लाकडं रचून पेटवली की ती तात्पुरती शेकोटी. सकाळी राख झाडली की विषय संपला. कायमची शेकोटी म्हणजे आगीसाठी बांधलेला गोल किंवा चौकोनी कट्टा. त्याला उष्णता सहन करणारी आतली भिंत असते, पाणी निचरण्यासाठी खडीचा पाया असतो आणि हवा आत येण्यासाठी खाली झरोके असतात. मराठीत यासाठी 'आगटी' हा जुना शब्द आहेच.

कट्ट्याचा मोठा फायदा म्हणजे आग एका जागी बांधली जाते. ठिणग्या कमी उडतात, निखारे घरंगळत नाहीत आणि लहान मुलांना 'या कडेच्या पुढे यायचं नाही' हे सांगता येतं. तोटा असा की एकदा बांधली की जागा बदलता येत नाही. म्हणून जागेची निवड ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे.

जागा कशी निवडायची?

अमेरिकेतल्या अनेक शहरांमध्ये लागू असलेल्या इंटरनॅशनल फायर कोडमध्ये याबद्दल स्पष्ट आकडे आहेत. मौजेसाठी पेटवलेली उघडी आग ३ फूट व्यासापेक्षा आणि २ फूट उंचीपेक्षा मोठी नसावी आणि ती कोणत्याही बांधकामापासून किंवा पेट घेणाऱ्या वस्तूपासून २५ फूट लांब असावी. उचलून नेता येणाऱ्या शेगडीसारख्या पात्रांसाठी हेच अंतर १५ फूट आहे.

हे आकडे आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी आहेत. गावठाणातल्या दाटीवाटीच्या घरांमध्ये चारही बाजूंना २५ फूट मोकळी जागा मिळणं कठीणच. सगळीकडून १५ फूटही मिळत नसतील, तर पक्का कट्टा बांधायचा विचार सोडून देणं शहाणपणाचं. वाडी किंवा शेतघर असेल तर गोष्ट वेगळी.

अंतर मोजताना फक्त भिंतच बघू नका. आजूबाजूला या गोष्टी आहेत का ते तपासा:

- डोक्यावर पत्र्याची शेड, झावळ्यांचा मांडव, वीजवाहिनी किंवा केबल. नारळाच्या सुकलेल्या झावळीवर एक ठिणगी पडली तरी पुरते.
- मासेमारीची जाळी. नायलॉनची जाळी चटकन वितळतात आणि पेटतात. उत्तन-पालीच्या भागात घरामागे जाळ्यांचे ढीग असतात.
- वाळत घातलेली मासळी. बांबूच्या मांडवावर बोंबील सुकत असतील तर धूर आणि राख थेट त्यावर जाऊन बसते. शेजाऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.
- सेप्टिक टँक. जुन्या घरांमध्ये तो बहुतेक परसातच असतो. त्यात मिथेन वायू तयार होतो आणि हा वायू पेट घेतो. टाकीवर किंवा तिच्या झाकणाजवळ आग कधीही नको.
- जमिनीखालची गॅसची पाइपलाइन किंवा विजेची केबल. खणण्याआधी खात्री करून घ्या.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. किनाऱ्यावर दिवसा वारा सहसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि रात्र चढली की दिशा उलटते. म्हणजे संध्याकाळी पेटवलेल्या शेकोटीचा धूर बहुतेक वेळा पूर्वेकडच्या घरांत जाणार. कट्टा बांधण्याआधी दोन-तीन संध्याकाळी त्या जागी एक उदबत्ती लावून बघा. धूर कोणाच्या खिडकीकडे जातो ते लगेच कळतं.

आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं काय? इमारतीच्या गच्चीवर किंवा बाल्कनीत शेकोटी बांधायची नाही. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग उष्णतेने तडकतं, विटांचा भार वाढतो, गच्ची सगळ्या सोसायटीची असते आणि उंचावरच्या वाऱ्यात ठिणगी कुठे जाईल याचा नेम नसतो.

दगड का फुटतात?

समुद्रावरून किंवा ओढ्यातून गोटे आणून गोल रचायचा, ही पद्धत दिसायला छान असली तरी धोक्याची आहे. तापलेला ओला दगड फुटू शकतो आणि त्याच्या कपच्या डोळ्यांत जाऊ शकतात.

यामागचं कारण साधं आहे. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. दगडाच्या बारीक भेगांत आणि छिद्रांत पाणी अडकलेलं असेल आणि दगड पटकन तापला, तर वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग दाब वाढतो आणि दगड फुटतो. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या गोट्यांमध्ये ही शक्यता सर्वाधिक असते.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणात आणखी एक भानगड आहे. दख्खनच्या लाव्हापासून बनलेला हा बेसॉल्ट घट्ट असेल तर आग बऱ्यापैकी सोसतो. पण त्याचा एक प्रकार भोकाभोकांचा असतो आणि त्या पोकळ्यांमध्ये पांढरे-गुलाबी स्फटिक दिसतात. यांना झिओलाइट म्हणतात. या स्फटिकांच्या रचनेतच पाणी असतं आणि तापवलं की ते बाहेर पडतं. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेट या शास्त्रज्ञाने हे नाव दिलं आणि त्याचा ग्रीक अर्थच मुळी 'उकळणारा दगड' असा आहे. तेव्हा भोकं किंवा स्फटिक असलेला दगड आगीजवळ लावू नका.

सिमेंटच्या ब्लॉकचंही तेच. सिमेंट काँक्रीटमध्ये पाणी असतं. तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याची ताकद कमी होऊ लागते आणि वरचे पापुद्रे उडतात. लाकडाच्या आगीत निखाऱ्यांजवळचं तापमान सहज ६०० अंशांच्या पुढे जातं. कडाप्पा आणि शहाबादी फरशीही थेट आगीला लागू देऊ नका, त्या तडकतात.

मग कोणतं साहित्य घ्यायचं?

आतल्या भिंतीसाठी फायर ब्रिक, म्हणजे भट्टीत वापरतात ती वीट. ती १,३०० अंशांच्या आसपासची उष्णताही सोसते. तिचं नेहमीचं माप २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटर, म्हणजे ढोबळमानाने ९ बाय साडेचार बाय ३ इंच. बाहेरच्या भिंतीसाठी साधी लाल भाजकी वीट चालते.

आतून सुमारे सव्वादोन ते अडीच फूट व्यासाचा आणि बाहेरून ४ फुटांचा कट्टा पाच-सहा जणांना पुरतो. त्यासाठी अंदाजे एवढं सामान लागेल:

- फायर ब्रिक: ८० नग. आतल्या भिंतीला ४०, तळाला १५, वरच्या कडेला २० आणि थोड्या फुटतुटीसाठी.
- लाल विटा: ६५ नग.
- खडी: १६ ते १८ घनफूट, म्हणजे एका ब्रासचा साधारण सहावा भाग.
- क्रश सँड: पायासाठी ३ ते ४ घनफूट. बाहेरच्या भिंतीच्या मसाल्यासाठी थोडी जास्त.
- फायरक्ले किंवा रिफ्रॅक्टरी मॉर्टर: आतल्या भिंतीसाठी. इथे साधं सिमेंट वापरू नका.
- सिमेंट: फक्त बाहेरच्या भिंतीसाठी.

समुद्रकिनाऱ्यावरची वाळू घरी आणू नका. विनापरवाना वाळू उचलणं बेकायदा आहे. शिवाय त्या वाळूतलं मीठ ओल धरून ठेवतं आणि बांधकाम खराब करतं.

बांधायचं कसं?

अवजारं घरातलीच पुरतील: फावडं, घमेलं, थापी, धुम्मस, लेव्हल पट्टी, एक खुंटी आणि दोरी. दोन माणसं असतील तर दोन सुट्ट्यांत काम उरकतं. मॉर्टर सुकायला लागणारे दिवस वेगळे. सर्वात योग्य काळ नोव्हेंबर, कारण पाऊस गेलेला असतो आणि जमीन कोरडी होत आलेली असते.

१. गोल आखा. मध्यभागी खुंटी ठोका, अडीच फुटांची दोरी बांधा आणि ५ फूट व्यासाचा गोल मारा.

२. आठ इंच खणा, जास्त नाही. इथेच व्हिडिओतली पद्धत आणि आपली पद्धत वेगळी होते. तिथे दीड-दोन फूट खोल खड्डा करतात. मीरा-भाईंदरमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खाडी आणि मिठागरांच्या बाजूची जमीन चिकणमातीची आहे आणि जमिनीखालचं पाणी फार खोल नसतं. तिथे खोल खड्डा म्हणजे आयतं डबकं, आणि डबकं म्हणजे डास. म्हणून आपली शेकोटी जमिनीत खोल न नेता जमिनीच्या वर उचलायची.

३. पाया भरा. १० इंच खडी तीन थरांत टाका आणि प्रत्येक थर धुम्मसने नीट ठोका. त्यावर २ इंच क्रश सँड पसरून लेव्हल करा. खणलं ८ इंच आणि भरलं १२ इंच, म्हणजे पाया आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ४ इंच वर येतो. पावसाचं पाणी आत न येता बाहेरून वाहून जातं.

४. कोरडी मांडणी करून बघा. मसाला न लावता पहिला थर रचा. आतल्या गोलात लांबीकडून १० फायर ब्रिक बसतात. त्याबाहेर एक इंच मोकळी फट सोडा आणि बाहेरचा गोल लाल विटांनी मांडा, त्यात साधारण १४ विटा बसतील. समाधान झालं की खडूने खुणा करा.

५. पहिल्या थरात झरोके ठेवा. दोन्ही भिंतींमध्ये समोरासमोर येतील असे चार झरोके अर्ध्या विटेएवढे सोडा. याच वाटेने आगीला हवा मिळते आणि चुकून आत आलेलं पाणी बाहेर पडतं.

६. चार थर उभे करा. वरची वीट खालच्या सांध्यावर यायला हवी. फायर ब्रिकचे सांधे पातळ ठेवा, दोन-तीन मिलिमीटर पुरेत. बाहेरच्या भिंतीला एकास सहा सिमेंट-वाळूचा मसाला चालतो. दोन भिंतींमधली फट मात्र मोकळीच राहू द्या, त्यात मसाला पडू देऊ नका.

७. आतल्या भिंतीच्या चौथ्या थरात उभे सांधे रिकामे सोडा. अर्ध्या इंचाच्या अशा दहा फटी तयार होतील. त्यांचं काम पुढे कळेल.

८. वरची कड बांधा. आता फायर ब्रिक आडव्या, म्हणजे केंद्राकडे तोंड करून ठेवा. एका विटेची ९ इंच लांबी दोन्ही भिंती आणि मधली फट जवळजवळ झाकते. अशा सुमारे २० विटा लागतात. कट्ट्याची एकूण उंची सव्वा फुटाच्या थोडी वर जाते.

९. तळ घाला. आत वाळूवर फायर ब्रिक मसाल्याशिवाय नुसत्या मांडा. एखादी तडकली तर बदलता येते आणि पाणीही सांध्यांतून झिरपतं.

झालं की लगेच पेटवायचं नाही. मॉर्टरच्या पिशवीवर दिलेला वेळ पाळून ते सुकू द्या. मग पहिल्या दिवशी मूठभर काटक्यांची आग, दुसऱ्या दिवशी थोडी मोठी, तिसऱ्या दिवशी आणखी थोडी. नव्या मातीच्या चुलीला जसं हळूहळू तापवतात, तसंच. एकदम मोठा जाळ केला तर आतली ओल वाफ होऊन सांधे उकलतात.

धूर कमी कसा होतो?

धूर म्हणजे न जळलेलं इंधन. लाकूड तापलं की त्यातून वायू आणि बारीक कण बाहेर पडतात. त्यांना पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर ते जळून जातात, नाही मिळाली तर धूर होऊन शेजारी जातात.

दोन भिंतींमधली फट त्यासाठीच आहे. खालच्या झरोक्यांतून आलेली हवा फटीतून वर चढताना तापते आणि चौथ्या थरातल्या रिकाम्या सांध्यांतून आगीच्या वरच्या भागात शिरते. तिथे वर जाणाऱ्या धुराला गरम हवा मिळते आणि त्यातला बराचसा भाग जळतो. बाजारात 'स्मोकलेस' म्हणून मिळणारी स्टीलची पात्रं याच तत्त्वावर चालतात. विटांच्या कट्ट्यात हा परिणाम कट्टा चांगला तापल्यावरच दिसतो.

पेटवायची पद्धतही बदला. नेहमी आपण खाली काटक्या आणि वर ओंडके ठेवतो. त्याऐवजी जाड लाकडं तळाशी, त्यावर मध्यम आणि सगळ्यात वर काटक्या ठेवा आणि वरून पेटवा. ज्वाळा आधीच वर असल्यामुळे खालून येणारा धूर त्यातूनच जातो आणि जळतो.

तरीही धूर शून्य होत नाही. हिवाळ्याच्या रात्री जमिनीजवळची हवा थंड आणि स्थिर असते, त्यामुळे धूर वर न जाता वस्तीतच रेंगाळतो. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी भारतातली २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा फक्त १५ आहे. घरात किंवा शेजारी दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर त्या रात्री शेकोटी नको.

उत्तन परिसरात धुराचा विषय आणखी नाजूक आहे. धावगी डोंगरावर महापालिकेचा घनकचरा प्रकल्प आहे आणि तिथल्या कचऱ्याला आगी लागून धूर खालच्या गावांपर्यंत येण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. जे लोक आधीच धुराने वैतागले आहेत, त्यांच्या दारात आणखी धूर पाठवण्याआधी विचारलेलं बरं.

काय जाळायचं आणि काय नाही?

पूर्ण वाळलेलं लाकूड हवं. एक उन्हाळाभर फोडून वाळवलेलं आणि पावसात झाकून ठेवलेलं. बाभूळ, सुबाभूळ, आंबा ही लाकडं चालतात. नारळाच्या करवंट्या छान तापतात. झावळ्या मात्र भडकन पेटतात आणि ठिणग्या उडवतात, त्या टाळा.

हे जाळू नका:

- किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड. ते खाऱ्या पाण्यात मुरलेलं असतं. त्यातल्या क्लोराइडमुळे जळताना डायऑक्सिनसारखी विषारी रसायनं तयार होतात.
- जुन्या होडीच्या रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, एमडीएफ. रंग आणि गोंद जळून विषारी धूर होतो.
- कण्हेर. अंगणात सर्रास असते, पण तिचा धूरही विषारी असतो. तिच्या काड्यांना लावून काही भाजूही नका.
- खारफुटी. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडण्यावर राज्यभर बंदी घातली आणि २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम केली.
- प्लास्टिक, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे, घरातला कचरा.

रॉकेल किंवा पेट्रोल ओतून पेटवणं तर कटाक्षाने टाळा. पेट्रोलची वाफ आधी पसरते आणि मग एकदम भडका उडतो.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास २५,००० रुपये भरपाई वसूल करायला सांगितलं. म्हणजे शेकोटीत पालापाचोळा आणि घरचा कचरा ढकलला, तर ती शेकोटी राहत नाही, तो कचरा जाळण्याचा प्रकार ठरतो.

दुसरं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २८७. आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

किनाऱ्याजवळच्या जागांना सीआरझेडचे नियमही लागू होतात. जागा त्या पट्ट्यात असेल, सामाईक असेल किंवा सात-बाऱ्यावर इतरांची नावं असतील, तर पक्कं बांधकाम करण्याआधी महापालिकेत चौकशी करा आणि हिस्सेदारांना विचारा.

पेटवताना आणि विझवताना

शेकोटीजवळ वाळूची बादली आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवा. ओढणी, पदर, सिंथेटिक कपडे सांभाळा. पेटती शेकोटी सोडून कोणीही आत जायचं नाही, 'दोनच मिनिटं' म्हणूनसुद्धा नाही.

सगळ्यात जास्त गाफीलपणा विझवताना होतो. वरून राख झालेली दिसते, पण आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. सकाळी अनवाणी खेळणाऱ्या मुलाचा पाय त्यात पडू शकतो. म्हणून झोपायच्या तासभर आधी लाकूड घालणं थांबवा. निखारे पसरवा, थोडं थोडं पाणी शिंपडा, काठीने ढवळा, पुन्हा शिंपडा. तापलेल्या विटांवर एकदम बादली ओतली तर विटा तडकतात आणि वाफेने चेहरा भाजतो. राख पत्र्याच्या डब्यात काढा, प्लास्टिकच्या बादलीत नाही.

कोणी भाजलंच, तर भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका आणि डॉक्टरकडे जा. आग आवरत नसेल तर १०१ किंवा ११२ वर फोन करा.

पावसाळ्यात काय?

मे संपायच्या आत राख पूर्ण काढा. राख आणि पाणी एकत्र आलं की तयार होणारं खारं पाणी सांधे खातं. मग कट्ट्यावर उतार असलेलं पत्र्याचं झाकण ठेवा आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून बांधा. झरोके उघडेच राहू द्या. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर तो फक्त पावसासाठी. पेटत्या आगीवर ठेवला तर त्यावरच्या जस्ताचा विषारी धूर होतो.

पावसाळ्यानंतर झाकण काढताना काठीने आधी ठोका. चार महिने बंद असलेल्या कोरड्या जागेत विंचू किंवा साप आसऱ्याला आलेला असू शकतो. उकललेले सांधे फायरक्लेने भरा आणि पुन्हा तीन दिवस लहान आगीपासून सुरुवात करा. पावसाने विटांमध्ये मुरलेली ओल अशीच काढावी लागते.

यात पोपटी लावता येईल का?

येईल. रायगडची पोपटी आता सगळीकडे आवडीने लावली जाते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंड पाल्याने बंद करायचं आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी अजिबात घालत नाहीत, पाल्याचा आणि शेंगांचा ओलावाच पुरतो. सव्वादोन फुटांच्या कट्ट्यात मध्यम मडकं आरामात मावतं आणि भोवती लाकडांना जागा उरते. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब टाकतात. ते चर्र करून लगेच उडाले की पोपटी झाली.

मग बांधायची की नाही?

स्वतःची मोकळी जागा आहे, चहूबाजूंना पुरेसं अंतर आहे, डोक्यावर काही नाही आणि शेजाऱ्यांची हरकत नाही, तर नक्की बांधा. दोन शनिवार-रविवार आणि शंभर-दीडशे विटा एवढंच काम आहे. नीट बांधली आणि पावसात झाकली तर ती बरीच वर्षं टिकेल.

यातलं एकही नसेल, तर पक्का कट्टा बांधू नका. एखाद्याच्या मोठ्या वाडीत चार घरांनी मिळून एक शेकोटी बांधली तर खर्च वाटला जातो, लाकूड कमी लागतं आणि गप्पांना माणसंही जास्त मिळतात. कारण मीरा-भाईंदरची थंडी तशी बेताचीच. इथे शेकोटी ऊब मिळवण्यासाठी कमी आणि एकत्र बसण्यासाठी जास्त पेटते. तिच्या धुराने शेजारीच खिडकी लावून आत बसणार असेल, तर ती पेटवण्याचा मूळ हेतूच उरत नाही.